पाचव्या कपाटाची रेघ

सॉफ्टवेअर विकायला आलेला टायवाला पडद्यावरची रंगीत वर्तुळं दाखवण्यात रंगून गेला होता आणि थोरली त्याच्या खुर्चीमागे उभी राहून, चेहरा अगदी साळसूद ठेवून, भिंतीतली एक तार हळूच उपटत होती. धाकटीने ओठ चावून हसू दाबलं. तार निघाली. पडद्यावर सगळं हिरवंगार.

"मॅडम, तुमच्या नेटवर्कमध्ये नुसतं खुट्ट झालं तरी आमच्या सॉफ्टवेअरला कळतं," टायवाला म्हणाला.

"हो का?" तारेचं टोक त्याच्या नाकासमोर धरत थोरली म्हणाली. "मग हे काय आहे, उंदराची शेपटी?"

असा पहिला गडी बाद झाला. दुसऱ्याची तऱ्हा उलटी. एक तार काढली तर त्याच्या सॉफ्टवेअरने अख्ख्या इमारतीच्या नावाने बोंब ठोकली. प्रिंटर झोपला, फाटकावरचा कॅमेरा मिचमिचला, कुणाचा मोबाइल आत आला, कुणाचा बाहेर गेला, सगळ्याची वर्दी. "हे सॉफ्टवेअर आहे की माझी नणंद?" थोरलीने विचारलं आणि त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं.

तिसऱ्याने मात्र तार उपटल्याबरोबर एकच ओळ लिहिली: पाचव्या कपाटाकडून काही येत नाही. थोरलीने तार परत खोचली. पाचवं कपाट बोलू लागलं, असं त्याने लिहिलं आणि गप्प बसलं. थोरलीने धाकटीकडे बघून मान हलवली. "हे माणसात आहे. घे हेच."

थोरलीचा हा खेळ गंमत म्हणून चालला नव्हता, बरं का. या दोघी जावा मिळून अंडी उबवायचं केंद्र चालवत होत्या. अंडी आणि पिल्लं थोरलीकडे, तारा आणि संगणक धाकटीकडे. धाकटी लग्न होऊन आली आणि तिने महिन्याभरात सगळ्या इमारतीत तारा खेळवल्या, तेव्हापासून घरात तिला सगळे 'वायर' म्हणत. शेवटचे तीन दिवस अंडी ज्या कपाटांत ठेवतात, त्या प्रत्येक कपाटात सेन्सर होते. आतली उष्णता किती, दमटपणा किती, हे ते डोक्यावरच्या छोट्या डब्याला सांगत. डबा ते तारेवरून पुढे पाठवी. आणि त्या आकड्यांवर कपाटाचा पंखा आणि वरची झडप चाले. छान चाललं होतं. मग मागच्या वर्षी एक डबा मुकाट्याने मेला आणि पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहिला. सगळ्यांना वाटलं, ठीक आहे. दार उघडलं तेव्हा आत एकही पिल्लू जिवंत नव्हतं.

ते ट्रे थोरलीने स्वतःच्या हाताने बाहेर काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर पिल्लं फुटायची वेळ आली की ती कपाटांच्या दालनाबाहेर खाट टाकून झोपे. झोपे कसली, कूस बदलत पडून राही. आणि धाकटीला एका शब्दाने बोलली नाही. धाकटीला वाटे, बाई, एकदा तोंड सोडून बोला तरी, म्हणजे मी मोकळी होईन. तारा तिच्या होत्या ना.

तर हे तिसरं सॉफ्टवेअर. त्याची खुबी अशी की ते आठवडाभर नुसतं बघत बसे, नेहमीचं काय ते शिके, आणि मग नेहमीपेक्षा वेगळं दिसलं की ओरडे. धाकटीने त्याला शिकायला निवांत आठवडा दिला. कपाटं नुकतीच धुऊन झाली होती, रिकामीच चालवून ठेवली होती, कुणाची ये-जा नाही. बिचाऱ्याला कुणी त्रास द्यायला नको, असा तिचा शहाणपणा! पडद्यावर प्रत्येक कपाटाची एक हिरवी रेघ चाले, बारीक थरथरत. पंख्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर सेन्सरचा आकडा किंचित वर, किंचित खाली. धाकटी ते बघत बसे. रिकामं कपाटसुद्धा इतकं हलतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

मग अंडी आत गेली, दोन दिवस सरले. थोरलीच्या हिशोबाने पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी फुटायची होती. दुपारी दोघी जेवून हात पुसत होत्या, तोच पडद्याने किंकाळी फोडली.

पहिलं कपाट लाल. मग तिसरं. मग दुसरं आणि सातवं. दमटपणा नेहमीपेक्षा जास्त, उष्णता नेहमीपेक्षा जास्त, तारेवरची वाहतूक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. थोरलीच्या हातातला पंचा खाली पडला.

"दारं उघड!" ती ओरडली. "सगळी उघड, वायर! पुन्हा तेच होतंय!"

"ताई, थांबा."

"थांबू? मागच्या वेळी थांबलेच होते ना!"

धाकटी पडद्यासमोर धावली. दारं उघडली आणि आत पिल्लं चोच मारत असली, तर कोरडी हवा शिरणार, कवचाआतला पापुद्रा पिल्लाला चिकटून बसणार, आणि ती तिथेच अडकून मरणार. हे थोरलीनेच तिला शिकवलं होतं. आणि नाही उघडली आणि पंखे खरंच बंद पडले असले तर? मग सगळीच जाणार. दोन्हीकडे मरण, मधे ही आणि हिचा पडदा.

तिने रेघांकडे नीट बघितलं. काही बिघडलं असतं तर रेघा धाडकन पडल्या असत्या, किंवा तुटल्या असत्या. या चढत होत्या. एकीमागून एक, हळूहळू, थरथरत. डबे सगळे जिवंत. सेन्सर नेहमी मिनिटाला एकदा बोलत, आकडा बदलला की मधेच बोलत. आता तर ते एकमेकांचं बोलणं तोडत सारखे बोलत होते. आत काहीतरी क्षणाक्षणाला बदलत होतं.

"ताई, पहिल्या कपाटाला कान लावा. दार उघडू नका, नुसता कान लावा."

थोरली धावली. पंख्यांची घरघर एवढी, की दाराला गाल चिकटवल्याशिवाय काही ऐकू येईना. तिने गाल चिकटवला. आणि तिचा चेहरा असा काही बदलला, की धाकटीला विचारायची गरजच राहिली नाही.

"अगं बाई!" ती पुटपुटली. "लवकर आली गं. बोलताहेत!"

दोघी पडद्यासमोर येऊन बसल्या. अलार्म धाकटीने मुका केला. चौथं कपाट लाल झालं. मग आठवं आणि सहावं. कवच फोडून ओलं पिल्लू बाहेर आलं की दमटपणा चढतो. श्वास घेऊ लागलं, धडपडू लागलं की ऊब चढते. सॉफ्टवेअरने जन्मात फक्त रिकामी कपाटं बघितली होती, त्याला हे सगळं आक्रीतच वाटत होतं. ते घाबरून लाल-लाल होत होतं आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

"म्हणजे ही रेघ..." थोरलीने बोट लावलं, लगेच काढून घेतलं, पडदा भाजेल की काय असं. "ही वर जातेय ती पिल्लांमुळे?"

"हो, ताई."

"आत्ता? आत्ता जातेय तशी?"

"आत्ता."

तीस वर्षं थोरली बंद दारांबाहेर बसून होती. आत काय चाललंय, हे तिला दार उघडल्यावरच कळायचं. आज हजारो जीव बंद दाराआड एकमेकांना हाका मारत कवचं फोडत होते आणि ते तिला दिसत होतं. तिने तोंडावर पदर धरला. धाकटीच्याही अंगावर काटा आला. या तारा तिने स्वतः ओढल्या होत्या, हे डबे तिने स्वतः ठोकले होते, आणि त्यांतून असलं काही वाहू शकतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आणि बघ, पाचवं किती गुणाचं," थोरली डोळे पुसत हसली. "एकटं हिरवं. त्याला तरी काही त्रास नाही."

धाकटीने बघितलं. पाचव्याची रेघ हिरवी होती आणि सरळ. अगदी सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. रिकामं कपाटही थरथरतं. ही थरथरत नव्हती.

तार शाबूत होती, डबा बोलत होता; पण तो एकच आकडा पुन्हा पुन्हा घोकत होता. आणि तो आकडा रिकाम्या दिवसांसारखा, म्हणून सॉफ्टवेअर खूश, म्हणून पंखा सावकाश, म्हणून झडप बंद.

"ताई, पाचवं! पाचवंच बिघडलंय!"

थोरली वयाला न शोभेल अशी पळाली. दाराला कान लावला तर आत नुसता कल्लोळ, चिरका, घाईचा. दाराची काच आतून घामेजली होती. थोरलीने स्टूल ओढलं, वर चढून झडप हाताने फिरवली, घट्ट बसलेली झडप, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. धाकटीने पंखा हाताने पुरा सोडला आणि डब्याची तार उपटून परत खोचली.

वाफेसारखी गरम हवा वरून भसकन बाहेर पडली. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, एकमेकींचं मनगट धरून. दालनाच्या टोकाला पडदा दिसत होता. पाचव्याची रेघ तुटली. नाहीशी झाली. मग परत उगवली, उंचच उंच, थरथरत. आणि पाचवं कपाट लालभडक झालं.

"लाल झालं!" थोरली ओरडली. "वायर, लाल झालं गं!" आणि ती रडायलाच लागली. लाल रंग बघून इतका आनंद झालेली बाई त्या दिवशी जगात दुसरी नसेल.

संध्याकाळी दारं उघडली. पाचव्यातली काही गेली होती. थोरलीने ती बाजूला ठेवली, त्यांच्यावरून एकदा हात फिरवला. बाकीची ट्रेमधे पिवळीधमक उभी होती आणि जगाला शिव्या देत होती.

"मागच्या वेळी तुला काही बोलले नाही," थोरली अचानक म्हणाली. "तुला वाटलं असेल, राग धरलाय. राग नव्हता गं. तोंड उघडलं असतं तर रडले असते, म्हणून गप्प होते."

धाकटी पडद्याकडे वळली. तिथे सॉफ्टवेअर एक प्रश्न घेऊन केव्हाचं ताटकळत होतं: आज दिसलेलं हे सगळं नेहमीचं समजावं का? खाली 'हो' आणि 'नाही'. 'हो' म्हटलं, की पुढच्या खेपेला पिल्लं फुटताना ते ओरडणार नव्हतं, बाकीच्या चढताना एखादी रेघ सरळच राहिली तर मात्र ओरडणार होतं. तिने थोरलीला समजावून सांगितलं.

थोरलीने प्रश्न दोनदा वाचला. मागे चिवचिवाटाने दालन दणाणून गेलं होतं.

"नेहमीचं म्हणे," ती म्हणाली. "तीस वर्षं बघतेय, मला अजून नेहमीचं वाटलं नाही."

"मग 'नाही' दाबू?"

"वेडी आहेस का? 'हो' दाब. त्याला वाटू दे नेहमीचं." तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्याला वाटायला नको."