दिवाकर काकांच्या पुस्तकातले दोरे

खोलीत पुस्तकं होती चारशे अडतीस. त्यांतली एकतीस वाळवीने खाल्लेली, चौदांची कव्हरं निघालेली. खुर्च्या अकरा, टेबल एक, ट्यूबलाइटी तीन, त्यांतली लागणारी एक. वाचक एकही नाही. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी मंडळाचा जिना पहिल्यांदा चढून आलेल्या ज्ञानदाने मोजलं ते इतकं.

ज्ञानदा अमरावतीची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून नवा रायपूरच्या एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासण्याच्या कामाला लागली होती. दिवसभर हिंदी, आणि खोलीवर परतली की मोबाईल. कॉलेजात आठवड्याला एक पुस्तक संपवणाऱ्या या मुलीचं लक्ष आता दुसऱ्या पानावरच उडायचं, आणि तिला त्याची मनापासून धास्ती वाटू लागली होती. एकटीने होत नाही ते चारचौघांत होईल, म्हणून तिने मंडळात वाचनगट काढला. रोज दहा पानं वाचायची, रात्री ग्रुपवर पानाचा आकडा टाकायचा, रविवारी संध्याकाळी पुस्तक घेऊन इथे जमायचं. नऊ जण तयार झाले. दहावं नाव तिने स्वतःचं घातलं. रोज सर्वांत आधी आकडा तिचाच पडे, बाकीच्यांना हुरूप यावा म्हणून.

दोन महिने हे चाललं. मग मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादभाऊ एक दिवस वर आले. गोल बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि बोलणं रोखठोक. एक कोचिंग क्लासवाला ही खोली मागत होता.

"ग्रुपवर लोक काहीही लिहितात, मॅडम," ते म्हणाले. "दहातले नऊ जण खरंच वाचून राहिले असतील, तर खोली तुमची. नाही तर एक तारखेपासून कोचिंगवाल्याची. मोजा तुम्हीच. सायन्सवाल्या आहात, तुमचा आकडा मी मानीन."

त्या रात्री ज्ञानदाने ग्रुपवरचे आकडे पहिल्यापासून पाहिले, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणी एखाद्या दिवशी चार पानं वाचली होती, कुणी सतरा. बँकेतला अभिनव तर पानांबरोबर सुरेख सारांशही लिहायचा. दिवाकर काकांचे मात्र रोज दहा. सणावाराला दहा, घरच्या लग्नाच्या दिवशीही दहा. प्रयोगशाळेत असे एकसारखे आकडे आले की नमुना न तपासताच कुणीतरी टेबलावर बसून ते लिहिले आहेत, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, बोलायला गोड. त्यामुळे संशय आणखीच वाढला. एकदा सात वाजता ती सदर बाजारातून येत होती, तर काका एका सराफाच्या पायरीवर गप्पा छाटत बसलेले. तिने पलीकडच्या दुकानात उगाच रिबिनी बघत वेळ काढला. काका उठले नाहीत. साडेसातला तिथूनच त्यांचा आकडा आला. दहा.

मग तिने एक युक्ती केली. पुस्तकांना खाकी कव्हरं घालते असं सांगून रविवारी सगळ्यांची पुस्तकं ठेवून घेतली. शिवणाच्या पांढऱ्या रिळाचे बोटभर तुकडे कापले आणि प्रत्येक पुस्तकात पुढच्या आठवड्याच्या पानांत तीन ठिकाणी, अगदी शिवणीलगत, एकेक दोरा ठेवला. पान उघडलं की दोरा हलणार, पडणार. न उघडलं तर जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी पुस्तकं घरोघर पोचवताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

तो आठवडा तिने वासावर काढला. मंडळातल्या नीलेशची बायको सोनिया बिलासपूरची, मराठी अडखळत वाचणारी. तिची अकरा पानं आली की ज्ञानदा घड्याळ पाही. कुणाचा आकडा उशिरा आला तरी शंका, लवकर आला तरी शंका.

रविवारी तिने काकांना अर्धा तास आधी बोलावलं. पुस्तक उघडलं. तिन्ही दोरे जागच्या जागी होते.

तिने पुस्तक त्यांच्यासमोर सरकवलं आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "काका, हे दोरे मी ठेवले होते. एकही हललेला नाही. पानं उघडलीत तरी का?"

काका दोऱ्याकडे पाहून हसले. "तुमचे होते का? मले वाटलं, कोणी तरी जुनी खूण करून ठेवली. एक तं मांडीवर पडला, दिसेच ना. तुमच्या सुशीलाकाकूने टॉर्च मारला तेव्हा भेटला. मग जिथचा तिथं ठेवून देल्ला."

"काहून पण?" ज्ञानदाच्या तोंडून तिची घरची भाषा निघाली.

"आपल्या इथं तसंच आहे, पोरी. रेल्वेवाले लोक, आज इथं, उद्या बदली. कोणाचं तिकीट, कोणाचा फोटो पुस्तकात राहून जाये. तं पुस्तकातलं काढायचं नाही. ज्याचं आहे तो येईल." त्यांनी पानं मागे उलटून दाखवली. एकात बेलाचं वाळकं पान, दुसऱ्यात कुण्या बाळाचं जावळ, कागदात गुंडाळलेलं.

आणि रोज दहाच कशी, हे तिने विचारलंच. काका जरा दुखावले. दहा सांगितली होती ना, म्हणून दहा. अकरावं पान कितीही ओढत असलं तरी ते उद्याचं. वाचायची ती पहाटे, चहाच्या आधी. ग्रुपवर मात्र रात्रीच टाकायची, असं तिनेच सांगितलं होतं.

बाकीचे आले तसे ज्ञानदाने दोरे पाहिले. रेल्वेवाल्यांच्या जुन्या घरांतल्या पाचही पुस्तकांत ते नीट परत ठेवलेले. सोनियाच्या आणि इतरांच्या पुस्तकांतले गळालेले. अभिनवच्या पुस्तकात एकही नव्हता. घरी आल्याबरोबर आईने ते धुळीसाठी बाल्कनीत झटकलं होतं, असं तो सहज बोलून गेला. म्हणजे दोऱ्यांनी वाचन मोजलंच नव्हतं.

तिने दोरे बाजूला ठेवले आणि सरळ विचारायचं ठरवलं. ज्याने जिथवर आकडा टाकला, त्याच्या आतलं कुठलंही पान उघडायचं आणि तिथे काय घडतं ते विचारायचं. दिवाकर काकांनी आपल्या पुस्तकातला जंगलखात्याचा साहेब कुठल्या नाल्यात पाय मोडून पडला ते सांगितलं, वर तो चुकला कुठे तेही. सोनिया म्हणाली, "दीदी, इसमें वो अपनी सास से झूठ बोलती है," आणि पुढचं एक वाक्य मराठीतून म्हणून दाखवलं. अभिनव मात्र ते पान तिथेच वाचू लागला. सारांश नेटवर मिळतात, तो हळू आवाजात म्हणाला. त्यातच पुस्तकाचं सगळं येतं असं त्याला वाटलं होतं. उरलेले सहाही जण बरोबर निघाले.

"आठ झाले," काका बोटांवर मोजत म्हणाले. "एक पाहिजे. तुमचं आणा, मॅडम."

प्रल्हादभाऊ जिन्यात फोनवर बोलत होते. काकांनी ज्ञानदाचं प्रवासवर्णन घेतलं, तिने आदल्या रात्री टाकलेल्या आकड्याच्या बरंच अलीकडचं पान उघडलं आणि विचारलं, की नदी ओलांडल्यावर प्रवाशाला पहिल्यांदा कोण भेटतं.

ज्ञानदाने आठवून पाहिलं. नदी तिला आठवेना. कव्हरं, दोरे, सराफाची पायरी, दुसऱ्यांचे आकडे, सगळं आठवत होतं. स्वतःचा आकडा ती रोज आदल्या दिवसाच्या आकड्यात दहा मिळवून टाकत आली होती. कधीपासून, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं.

काकांनी पुस्तक मिटलं आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तुमचं तुम्ही सांगा."

प्रल्हादभाऊ फोन खिशात घालत आत आले. "हं मॅडम, किती?"

"दहापैकी आठ," ज्ञानदा म्हणाली.