जागा धरून ठेवा

आमच्या तात्यांना सल्ला द्यायला विषय लागत नाही. तात्या म्हणजे माझे सासरे, चिंतामणी. नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून अख्खी आळी आपल्या हाताखाली आली असं त्यांना वाटू लागलं. कुणी फ्रिज घेतला, कुणी मुलीचं स्थळ बघायला निघालं, कुणाच्या दाढेत कळ आली, की तात्या चपला घालून हजर. त्यामुळे सत्त्याण्णव साली त्यांच्या एकसष्टीला आम्ही नवराबायकोने सिंगापूरची सहल दिली आणि तिच्यात तीन रात्री मोठ्या बोटीवर आहेत असं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी आभार मानले नाहीत. आधी आम्हाला बोटीबद्दल सल्ला दिला.

सासूबाई मात्र ऐकून कणीक मळायला आत गेल्या. त्यांचं नाव प्रमोदिनी, पण घरात त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. तात्या ‘अगं ए’ म्हणतात. चष्मा कपाळावर असतो तेव्हाही म्हणतात, पंचा समोरच्या दोरीवर वाळत असतो तेव्हाही म्हणतात. कधी कधी नुसतंच ‘अगं ए’ म्हणतात आणि त्या पीठभरले हात घेऊन बाहेर आल्या, की कशाला बोलावलं ते विसरून जातात. शेजारच्या गाळ्यातल्या कापडाच्या लूमची खटखट आणि तात्यांचं ‘अगं ए’ हे आमच्या घरातले दोन कायमचे आवाज. त्यातल्या लूमला शुक्रवारी तरी सुट्टी असते.

दोन दिवसांनी वालाच्या शेंगा सोलताना सासूबाई माझ्याजवळ बोलल्या.

“नीला, मला सिंगापूर नाही बघितलं तरी चालेल. पण बोटीवर तीन दिवस मला कुणी हाक मारली नाही ना, तर मी भरून पावले.”

मी हसले खरी, पण मनातून चरकले. घरात निदान ओटी आहे, माजघर आहे, मागचं दार आहे. बोटीवर हातभर खोली आणि तिच्यात तात्या. त्यांना तिथे ना पेपर, ना आळी, ना कुणाची दाढ. दिवसभर हाका मारण्यावाचून दुसरं काम काय राहणार होतं? बाईला विसावा मिळावा म्हणून आम्ही पैसे साठवले आणि तिला आणखीच जुंपून ठेवली, असं व्हायचं, या विचाराने माझी झोप उडाली.

तिकडे तात्यांची तयारी दणक्यात सुरू झाली. त्यांचं आजोळ जयगडचं, त्यामुळे लहानपणी दर उन्हाळ्यात ते भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने जायचे. तेवढ्या भांडवलावर त्यांनी साऱ्या समुद्राचा मक्ता घेतला होता. बोट लागते ती रिकाम्या पोटी, म्हणून दशम्या हव्यात. खिशात आलेपाक हवा. मळमळलं तर खाली पाण्याकडे बघायचं नाही, किनाऱ्याकडे बघायचं. मी म्हटलं, तात्या, तिथे किनारा दिसणार नाही. तर म्हणाले, नसला दिसत तर आठवायचा.

पण त्यांचा सगळ्यात मोठा सल्ला होता जागेचा. कोकणच्या बोटीत चढायची फळी पडली रे पडली, की प्रत्येक कुटुंबातला चपळ गडी वळकटी खांद्यावर टाकून धावत सुटायचा आणि डेकवर बिछाना पसरायचा. बाकीची मंडळी मागून सामान घेऊन येत. ज्याला उशीर झाला त्याने धुराड्याखाली काजळी खात नाहीतर संडासाच्या दाराशी नाक धरून जयगड गाठायचं. तात्यांच्या घरातला चपळ गडी म्हणजे तात्याच. त्यांनी एकदाही जागा गमावली नव्हती, आणि त्या गोष्टीचा त्यांना हेडक्लार्क झाल्याहून जास्त अभिमान होता.

मी त्यांना टूरवाल्यांचं रंगीत माहितीपत्रक दाखवलं. त्यात खोली होती, पलंग होते, पलंगावर फुलं ठेवलेली होती. तात्यांनी ते चष्मा वरखाली करून पाहिलं आणि मला समजावलं की खोली ही सामानाला असते. बोटीत माणसाने राहायचं ते वर, वाऱ्यावर. खाली कोंडून घेतलं की बोट लागलीच म्हणून समज. आणि ते निजामपुऱ्याच्या बाजारात जाऊन निळ्या पट्ट्यांची एक दणकट सतरंजी घेऊन आले.

पुढचं सगळं मला सासूबाईंनी परत आल्यावर सांगितलं. सांगताना त्या अधूनमधून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सिंगापूरच्या बंदरात ती बोट बघून तात्या आधी जरा गारच झाले. आमच्या आळीतली सगळी घरं एकावर एक ठेवली असती तरी तिच्या वरच्या मजल्याला पोचली नसती. पण आत पाऊल पडताच त्यांच्या अंगात जयगडचा मुलगा संचारला. टूरची मॅनेजर बाई खोल्यांच्या किल्ल्या वाटत होती, पाहुण्यांना सरबत देत होती. तात्यांनी सरबत नाकारलं, सतरंजी खांद्यावर टाकली आणि एकसष्टीचा माणूस जिने चढत वर पळाला. सासूबाई किल्ली घेऊन, वाट विचारत विचारत वर पोचल्या तेव्हा उघड्या डेकच्या कडेला, टांगलेल्या लाल होडीच्या सावलीत, सतरंजी अंथरून तात्या मधोमध मांडी घालून बसले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं.

“बघ,” ते म्हणाले, “बोटीवरची सगळ्यात चांगली जागा मिळाली.”

थोड्याच वेळात भोंगा झाला. बोट सुटण्याआधी, संकटात कुठे जमायचं याची तालीम असते म्हणे. सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून आपापल्या होडीखाली यायचं. माणसं धापा टाकत, जाकिटाच्या पट्ट्यांत अडकत वर आली, तर आमचे तात्या होडीखाली आधीच बसलेले. मॅनेजर बाईने सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. झालं, आता तर ते तिथून हलायला साफ तयार होईनात. जागा सोडली की गेलीच. ते म्हणाले, तू जा, जेवून ये, खोली बघून ये, मी इथे बसतो. दशम्या आहेत माझ्याकडे.

आणि सासूबाई गेल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या आधी जेवल्या नव्हत्या, आणि एकट्या तर मुळीच नाही. खाली भल्यामोठ्या खोलीत पांढऱ्या टोपीचे आचारी रांगेने उभे होते आणि ज्याच्यापुढे ताट धरावं तो वाढत होता. त्यांनी खिडकीशी टेबल धरलं. शेजारी येऊन मॅनेजर बाई म्हणाली, काकू, वर कुणीसुद्धा जागा घेत नाही हो, डेक सगळ्यांचाच असतो. काकांना सांगा आणि खाली बोलवा.

“मी सांगणारच होते, नीला,” सासूबाई मला म्हणाल्या. “पण म्हटलं, जेवण होऊ दे. मग म्हटलं, ही काचेची लिफ्ट आहे, एकदा वरखाली जाऊन बघू. मग कळलं की जादूचे खेळ आहेत. म्हटलं, ते झाले की सांगू.”

ते झाल्यावर त्या वर जाऊन खालची सगळी मजा सांगून आल्या, पण जागेचं तेवढं सांगितलं नाही. काळोख पडला तेव्हा मॅनेजर बाईने हवा बदलल्याचं निमित्त करून तात्यांना कसंबसं खोलीत नेलं, पण सतरंजी कठड्याला दोरीने बांधून आणि वर दशम्यांचा डबा ठेवूनच ते खाली गेले. सकाळी डोळे उघडताच पुन्हा वर.

पुढचे दोन दिवस सासूबाईंनी ती बोट पालथी घातली. पोहायच्या तलावाच्या काठावर बसून पाण्यात पाय सोडले. हाऊजी खेळल्या आणि एक ओळ लावून कापडी अस्वल जिंकलं. एका चिनी आजीबरोबर विणकामाचे टाके बदलले, दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं तरी. आणि कहर म्हणजे, जिला स्वयंपाकघरातून सुटका हवी होती ती बाई बोटीचं स्वयंपाकघर दाखवतात म्हटल्यावर पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी विचारलं, कशाला गेलात तिथे? तर म्हणाल्या, दुसरं कुणीतरी कणीक मळतंय हे डोळे भरून बघायला.

तात्या हाका मारत नव्हते असं नाही. पण त्या डेकवरून मारलेली हाक मलाक्कापर्यंत पोचली असती, सासूबाईंपर्यंत नाही. दर दोन-तीन तासांनी त्या आपण होऊन वर यायच्या, सतरंजीवर टेकायच्या आणि खाली काय काय पाहिलं ते सांगायच्या. तात्या ऐकायचे. मग त्या पुन्हा निघायच्या.

“मी भरून पावले,” त्या म्हणाल्या. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. “पण मी त्यांना फसवलं गं. ते बिचारे उन्हावाऱ्यात रखवाली करत बसले आणि मी गावभर उंडारले. तू यातलं काही त्यांना बोलायचं नाहीस, माझी शपथ आहे.”

मी शपथ पाळली. पण सासूबाईंना ती गोष्ट आतून टोचत राहिली. तात्यांनी हाक मारली की त्या पूर्वीपेक्षाही लगबगीने धावायला लागल्या, जणू दंड भरत होत्या. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. तीन दिवसांच्या सुखासाठी ही बाई जन्मभर अशी ओशाळून राहणार होती की काय?

अशातच एके दिवशी मानकोलीचे रामनाथ आणि त्यांची बायको कमळा आमच्याकडे आली. हायवेलगतची त्यांची जमीन गोदामांना गेली होती आणि मुलांनी आईबापांसाठी तीच सहल ठरवली होती. आमचा नि त्यांचा जुना घरोबा, तांदूळ त्यांच्याकडूनच यायचा. रामनाथ ओटीवर संकोचून बसले.

“तात्या, आमी खाडीत होडी लय चालवली,” ते म्हणाले, “पन या बोटीतलं काय ठावं न्हाय. पयल्यांदा जानाऱ्याने काय करायचं ते सांगा.”

तात्या या प्रश्नाची महिनाभर वाटच बघत होते. त्यांनी मांडी ठोकली, पान पुढे सरकवलं आणि सांगितलं की पाऊल ठेवल्याबरोबर वर जायचं, जागा धरायची आणि तिथून हलायचं नाही.

मला राहवलं नाही. शपथ फक्त सासूबाईंच्या फिरण्याची होती, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मी म्हटलं, तात्या, बिचाऱ्यांना भलतंच सांगू नका, तिथे कुणी जागा घेत नाही म्हणे.

“माहीत आहे मला,” तात्या शांतपणे म्हणाले. “दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. गोव्याकडचा एक खलाशी डेक पुसत होता. तो म्हणाला, काका, सतरंजी बांधायची गरज नाही, इथे कुणी हात लावणार नाही.”

सासूबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. तात्यांची पाठ होती, त्यांना त्या दिसल्या नाहीत.

“मग दोन दिवस तिथे कशाला बसलात?” मी विचारलं.

तात्यांनी आधी पानाला चुना लावला. सल्ला देताना ते असा वेळ कधी घेत नाहीत.

“आदल्या दिवशी ही खालून वर आली ना, तेव्हा बोलतच सुटली होती. खाली हे आहे, खाली ते आहे. इतकी वर्षं मी बाहेरून यायचो, मी सांगायचो आणि ही ऐकायची. ही बाहेरून आलीय आणि मला सांगतेय, असं आमच्या संसारात कधी झालंच नव्हतं. मी उठलो असतो तर हिच्याबरोबर हिंडलो असतो, आणि मग मीच बोलत राहिलो असतो. मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून म्हटलं, बसू इथेच.” मग ते रामनाथांकडे वळले. “तेव्हा तुम्ही जागा धरा आणि बसा. कमळाबाईंना हिंडू द्या. त्या येऊन सांगतील ते ऐका. त्याच्याइतकी मजा अख्ख्या बोटीत नाही.”

कमळाबाई पदराआड हसल्या. रामनाथ बायकोकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि आत न जाता कमळाबाईंशेजारी ओटीवरच बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं इतक्या दिवसांचं ओशाळेपण कुठल्या कुठे गेलं होतं.

“मला वाटत होतं मी तुम्हाला फसवलं,” त्या म्हणाल्या. “मला तर पहिल्याच दिवशी माहीत होतं.”

तात्या कप उचलता उचलता असे हसत सुटले, की हातातला चहा बशीत सांडला. रामनाथही हसले, कशाला ते नीट न कळताच.

हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी पदर सावरला. त्यांची थोरली बहीण, आक्का, खारबावला दिलेली. तिच्याकडे जायचं म्हणजे तात्यांनी सकाळी नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी आणायला जायचं, हा आजवरचा शिरस्ता होता.

“मी उद्या खारबावला जाऊन येते,” त्या म्हणाल्या. “एकटी.”

तात्यांचं तोंड सवयीने उघडलं. कुठली गाडी, कुठला डबा, स्टेशनात कुठे उभं राहायचं, सगळं ओठांवर आलेलं मला दिसत होतं. त्यांनी ते गिळलं.

“ये जाऊन, प्रमोदिनी,” ते म्हणाले. “मी आहे घरी.”