वादळाची वाट

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तीही ओ द्यायची. शंका घेणं हेच तिचं काम होतं. कंपनी डोंगरावर चढणाऱ्या रोपवेचं सॉफ्टवेअर बनवायची. दोर कधी फिरवायचा, डब्यांची दारं कधी उघडायची, ब्रेक कधी दाबायचा, सगळं कोडच्या हातात. त्या कोडमध्ये कुठे फट राहिली आणि बाहेरच्या कुणी त्यातून हात घातला तर काय होईल, हे शोधणं तिच्या गळ्यात पडलं होतं.

त्यासाठी तिनं मॅनेजरबाईंच्या मागे लागून एक तपासणी प्रोग्राम आणवला होता. तो कोड चालवून बघायचा नाही, नुसता वाचायचा. पण असा वाचायचा की एकही वाट सोडायचा नाही. माणसं चाचणी घेतात ती रोजच्या वर्दळीच्या रस्त्यांची. हा आडवाटा, चोरवाटा, कुणाचं कधी पाऊलही न पडलेल्या वाटा शेवटपर्यंत चालून यायचा.

खोट एवढीच, की तो फार बोलायचा. नव्या रोपवेच्या कोडमध्ये त्यानं पहिल्याच फेरीत हजारो इशारे काढले. हे नाव दोनदा वापरलंय, ही ओळ कधी चालणारच नाही, इथे कंस उगाच दिलाय. प्रोग्रामरांनी सुरुवातीला इमानेइतबारे वाचले. मग चाळले. मग न उघडताच कचऱ्यात टाकायला लागले.

सोमवारच्या बैठकीत गुरुजींनी विषय काढला. गुरुजी म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. अर्ध्या ऑफिसला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, म्हणून हे नाव.

"शंकाबाई, राग मानू नकोस," ते म्हणाले, "पण तुझा हा प्रोग्राम म्हणजे लांडगा आला रे आला! पोरांचा अर्धा दिवस त्याची बडबड निस्तरण्यात जातो. रोपवे महिनाभरात सुरू व्हायचाय."

"गुरुजी, हजारात एक जरी खरा निघाला तरी..."

"तो एक कोण शोधणार? गवताच्या गंजीत सुई आहे म्हणतेस, आणि रोज आणखी गवत आणून टाकतेस."

सगळे हसले. तीही हसली, कारण बोलणं खरं होतं. मॅनेजरबाई मात्र हसल्या नाहीत. "सरकारी निरीक्षक येईपर्यंत तुला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "तोवर यातून काही ठोस निघालं नाही, तर प्रोग्राम बंद करायचा."

संध्याकाळी घरी गेली ती तोंड पाडूनच. नवरा स्वयंपाकघरात भांड्यांशी झटापट करत होता. सासरे गुडघ्याला शेकायची पिशवी लावून टीव्हीवर फुटबॉल बघत होते. एके काळी ते स्वतः सामन्यांत पंच होते, आणि अजूनही टीव्हीतल्या पंचाला घरबसल्या कामाला लावायचे.

"काय सूनबाई, आज बारा वाजलेत चेहऱ्यावर?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. तेवढा मान ते फार थोड्या लोकांना देत.

"म्हणजे तुझा पंच सारखी शिट्टी वाजवतो," ते म्हणाले.

"हो बाबा. आणि आता कुणी खेळ थांबवतच नाही."

"थांबवणारच नाहीत! मोजा खाली घसरला तरी शिट्टी, पाय मोडला तरी तीच शिट्टी. कोण लक्ष देईल? त्याला सांग, बाबा रे, मोज्यांकडे बघू नकोस, पायांकडे बघ."

"सांगणं सोपं आहे हो."

"मग अवघड काय ते तू बघ. त्याचा पगार तुला मिळतो," असं म्हणून त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्रामची सगळी बडबड बंद करून टाकली. कंस गेले, नावं गेली, निरुपयोगी ओळी गेल्या. त्या जागी तिनं स्वतः एकच नियम लिहायला घेतला. बाहेरून आलेली कुठलीही गोष्ट न तपासता, न धुता, ब्रेकपर्यंत पोचते का? बस्स. बाहेरून म्हणजे काय, धुणं म्हणजे काय, ब्रेकपर्यंत म्हणजे नेमकं कुठे, हे तिला एकेक करून प्रोग्रामला शिकवावं लागलं. तिकीटघराची खिडकी म्हणजे बाहेर. दुरुस्तीवाल्यांचे फोन म्हणजे बाहेर. धुणं म्हणजे आलेल्या मजकुरातली नको ती चिन्हं काढून टाकणं. आठवडा त्यातच गेला.

नियम तयार झाला तेव्हा तिनं खुर्ची पुढे ओढली आणि प्रोग्राम कोडवर सोडला. पडद्यावर उत्तर आलं: काही सापडलं नाही.

इतर कुणी असतं तर पेढे वाटले असते. तिला मात्र शंका आली. एवढ्या मोठ्या कोडमध्ये एकही फट नाही? की आपणच एखादं दार मोजायचं विसरलो? ती पुन्हा पहिल्यापासून नकाशा बघायला लागली: या रोपवेला कोण कोण निरोप पाठवतं? आणि एका चौकोनावर तिचं बोट थांबलं. वाऱ्याचा मनोरा. डोंगरमाथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र होतं, ते वेग आणि आपलं नाव खाली कळवायचं. मनोरा कंपनीचा, यंत्र कंपनीचं, म्हणून तिनं त्याला घरातला माणूस धरलं होतं. पण निरोप यायचा तो हवेतून, बिनतारी. हवा थोडीच कंपनीची होती!

तिनं मनोऱ्याला "बाहेर"च्या रांगेत बसवलं आणि प्रोग्राम पुन्हा सोडला.

एकच इशारा आला. लाल.

ती उभी राहून वाचायला लागली. प्रोग्रामनं वाट टप्प्याटप्प्यानं मांडली होती. मनोऱ्याचं नाव येतं. ते एका हुकमाच्या ओळीत चिकटवलं जातं, 'अमुक मनोऱ्याचा वारा नोंदव'. आणि तो हुकूम ब्रेक सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला जातो. एरवी हुकमात चिकटवण्याआधी नाव धुतलं जायचं, त्यातली भलतीसलती चिन्हं काढली जायची. पण वारा धोक्याच्या वर गेला की कोड दुसऱ्या वाटेला वळायचा. तिथे घाई होती. तिथे धुणं नव्हतं. आणि चाचण्या झाल्या होत्या सगळ्या शांत हवेत.

म्हणजे कुणी खोटा निरोप पाठवला, वादळाचा वेग टाकला, आणि नावाच्या जागी लिहिलं, 'मनोरा, अर्धविराम, ब्रेक सोड', तर तो कॉम्प्युटर अर्धविरामापाशी पहिला हुकूम संपला असं धरून दोन्ही हुकूम गुमान पाळणार होता.

ती लॅपटॉप उघडाच घेऊन गुरुजींच्या टेबलापाशी गेली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"ही वाट मी लिहिलीय," ते म्हणाले. "वादळ आलं की मोटर बंद, ब्रेक घट्ट. त्यात चूक काय?"

"ब्रेक घट्ट होतात, गुरुजी. पण लगेच पुढच्या ओळीत कुणी ते सोडायला सांगू शकतं."

"ब्रेकवाला कॉम्प्युटर असा कुणाचाही हुकूम पाळणार नाही. कागदावर सगळंच शक्य असतं, पोरी. प्रत्यक्षात होत नाही."

"मग प्रत्यक्षात करू या."

शेजारच्या टेबलांवरचे कीबोर्ड थांबले. गुरुजींना कुणी असं म्हणत नसे. पण गुरुजी चिडले नाहीत. ते लगेच उठले आणि म्हणाले, "चल. मॅनेजरबाईंना मी सांगतो."

चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली, तळाच्या स्टेशनवर. वर जाणाऱ्या डब्यांत वाळूची पोती भरली होती, खाली येणारे डबे रिकामे होते. आत माणूस एकही नाही. हाताच्या ब्रेकचं भलंमोठं लोखंडी चाक धरून रोपवेचा चालक उभा होता. आडव्या बांध्याचा, घोगऱ्या आवाजाचा माणूस. "मी सोडणार नाही याला," त्यानं आधीच जाहीर केलं, "तुमचा कॉम्प्युटर काहीही म्हणो."

शंकाबाई बाहेर वाहनतळात गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप आणि छोटा बिनतारी संच ठेवून बसली. स्टेशनच्या काचेपलीकडे गुरुजी, मॅनेजरबाई आणि ऑफिसातली निम्मी माणसं दिसत होती.

तिनं निरोप पाठवला. डबे जागच्या जागी थबकले. ब्रेक खटकन लागले आणि लागलेच राहिले. सगळं जसं व्हायला हवं तसं.

काचेआड कुणीतरी टाळी वाजवली. तिचे कान तापले. मॅनेजरबाई दारात आल्या. "झालं का?"

"थांबा. एक मिनिट थांबा." तिनं ब्रेकच्या कॉम्प्युटरपर्यंत काय पोचलं ते उघडून बघितलं, आणि तिला हसूच आलं. नावाला अक्षरांची मर्यादा होती. तिनं पाठवलेलं लांबलचक नाव मध्येच कापलं गेलं होतं, 'ब्रेक सोड' ही शेपटी गळून पडली होती. तिनं मनोऱ्याचं नाव एका अक्षरावर आणलं. आता हुकूम मावत होता.

"पुन्हा चालू करा," ती ओरडली.

दोर फिरायला लागला. डबे चढू लागले. तिनं बटण दाबलं.

डबे थबकले. ब्रेक खटकन लागले, आणि लगेच दुसरा, मऊ, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. ब्रेक सुटले होते. क्षणभर सगळं लोंबकळत राहिलं. मग वाळूनं भरलेले डबे उलटे, खाली सरकायला लागले. आधी हळू, मग भराभर. दोर किंचाळला.

"धरा!" गुरुजी गरजले.

चालकानं अंगाचा सगळा भार टाकून चाक फिरवलं. लोखंड कण्हलं, डबे झोकांडले, गदागदा हलले आणि थांबले.

शंकाबाई आत आली तेव्हा गुरुजी वर, झुलणाऱ्या डब्यांकडे बघत होते. ते वळले. तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"शाब्बास!" ते म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की चालक दचकला. "अगं, शाब्बास! मी जन्मभर असल्या वाटा लिहिल्या, आणि तू..." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "शंकाबाई, ही वाट मी इथे नवीन नाही लिहिली. जुन्या रोपवेवरून जशीच्या तशी उचललीय. तो आत्ता चालू आहे."

जुना रोपवे दुसऱ्या डोंगरावर होता. तिथे पोती नव्हती, माणसं होती.

तिनं त्याचा कोड तिथल्या तिथे, उभ्याउभ्याच प्रोग्रामला दिला. तीच लाल रेघ. मॅनेजरबाईंनी तोवर फोन लावलाही होता. "वरची माणसं सावकाश खाली आणा, हाताच्या ब्रेकवर माणूस उभा करा, मनोऱ्याचा बिनतारी संच बंद करा. नाही, मी चेष्टा करत नाहीये!" मग सगळे फोनभोवती गोळा होऊन उभे राहिले. पलीकडून एकेक डबा खाली आल्याचं कळत होतं. शेवटचा डबा रिकामा झाल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "सगळे उतरले. पण मॅडम, रांगेतले लोक मला फाडून खातायत. एक आजी म्हणतात, त्यांना फुकट चढवून आणल्याशिवाय त्या हलणार नाहीत."

"खाऊ देत," मॅनेजरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खाली बसल्या.

ऑफिसला परत जायला कुणी तयार नव्हतं. स्टेशनच्या कंट्रोल रूममध्येच गुरुजी आणि शंकाबाई खांद्याला खांदा लावून बसले. गुरुजींनी नाव हुकमात चिकटवणंच काढून टाकलं. नाव हे नाव म्हणूनच जाईल, हुकूम म्हणून कधीच नाही, अशी नवी रचना केली. "घाई होती म्हणून धुतलं नव्हतं," ते पुटपुटले. "घाईतच तर हात धुवायला पाहिजेत." तिनं प्रोग्राम सोडला. लाल रेघ गेली. पण या वेळी तिला शंका आली नाही, कारण कुठली दारं मोजलीत हे तिला ठाऊक होतं.

"आता हल्ला कर," गुरुजी म्हणाले. "दया दाखवू नकोस."

ती वाहनतळात धावली. डबे वाळू घेऊन चढायला लागले. तिनं तोच निरोप पाठवला. मग दुसरा, तिसरा, येतील त्या सगळ्या युक्त्या. ब्रेक एकदा लागले ते लागले. डबे आकाशात खिळा ठोकल्यासारखे स्थिर. चालकानं बराच वेळ वाट बघितली, मग दोन्ही हात चाकावरून उचलून डोक्यावर नेले आणि टाळ्या वाजवायला लागला. काचेआडचे सगळे बाहेर आले. कुणीतरी शिट्टी मारली. मॅनेजरबाईंनी तिला मिठीच मारली, लॅपटॉपसकट.

"उद्यापासून," गुरुजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शंकाबाईच्या नियमातून गेल्याशिवाय एक ओळ रोपवेवर चढणार नाही. पहिली माझी."

तेवढ्यात जुन्या रोपवेवरून फोन आला. दुरुस्त कोड तिथे बसवून झाला होता, रिकामे डबे फिरवून झाले होते, प्रोग्रामनं तो पास केला होता. मॅनेजरबाईंनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि तो शंकाबाईच्या हातात दिला.

"लोक अजून उभे आहेत हो," पलीकडचा काकुळतीला आला होता. "आजीबाई तर पिशवीवर बसल्यात. काय करू? सोडू का?"

तिनं डोळे मिटून सगळ्या वाटा एकदा मनातल्या मनात चालून बघितल्या. शांत हवेची, दुरुस्तीची, वादळाची.

"सोडा," ती म्हणाली. "आजींना पहिल्या डब्यात बसवा."

आणि फोनमधून, दूर कुठेतरी, मोठं चाक फिरायला लागल्याचा आवाज आला.