पाण्याचा जग आणि पिवळी पेन्सिल

मी एक जुना स्टीलचा पाण्याचा जग आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फार हेवेखोर आहे. माझ्या जातीच्या वस्तूंनी स्वतःबद्दल चांगलंच सांगायचं असतं. पण मी तसं सांगितलं तर पुढची गोष्ट खोटी होईल.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, दाबला, गोल केला, बाजूला कान जोडला आणि वर बिजागरीचं झाकण बसवलं. ते झाकण पहिल्याच वर्षी निखळलं, त्याचं मला काही वाटत नाही. दुकानाच्या फळीवर आम्ही तिघे सारखे दिसणारे जग होतो. एक बाई आली. तिने दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं आणि एकेका जगातून ते बादलीत ओतून पाहिलं.

"हा ओघळतो," ती पहिल्याबद्दल म्हणाली. "हाही ओघळतो." मग तिने मला वाकवलं. "याची धार कशी तुटते बघा. टेबलावर थेंब पडायचा नाही."

मला घेऊन ती निघाली तेव्हा मी त्या दोघांकडे वळून पाहिलं असतं, पण जगाला मान नसते.

बस डेपोच्या फाटकासमोर तिची खानावळ होती. बारा टेबलं, आत भटारखाना, आणि दोन्हींच्या मध्ये ताटं सरकवायची खिडकी. आत तिचा नवरा स्वयंपाक करायचा. सगळे त्याला काका म्हणत आणि तिला मावशी. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर, कंडक्टर आणि गाडीची वाट बघणारे प्रवासी. गाडी सुटायला बारा मिनिटं उरलेली, पोटात भूक आणि सूप अजून आलेलं नाही, असा माणूस कसा बोलतो ते तुम्ही ऐकलं असेलच.

कुठल्याही टेबलावर आवाज चढला की मावशी हात पुसायची, मला उचलायची आणि चालू लागायची. धावत नाही, रेंगाळत नाही. गिऱ्हाइकाच्या समोर उभी न राहता बाजूला उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची, "सांगा." मग पेला भरायला घ्यायची. माझी धार ती अगदी बारीक करायची. पेला भरेपर्यंत माणूस बोलून घ्यायचा.

"म्हणजे सूप गार आहे आणि तुमची गाडी सव्वा वाजता. बरोबर?"

"हो, मग! कधीचा सांगतोय!"

"गरम करून देऊ? चार मिनिटं लागतील. की डब्यात बांधून देऊ?"

माणूस विचारात पडायचा. आणि विचारात पडलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

मला वाटायचं, ही सगळी करामत माझी. माझ्या धारेची. आत गेल्यावर काका तणतणायचे. "एवढं ऐकून घेतलंस? त्याच्या कानाखाली का नाही वाजवलीस?"

"वाजवली असती हो. पण हातात जग होता."

दोघं हसायची. मीही चमकायचो.

पण तिने सगळंच ऐकून घेतलं असं समजू नका. एकदा एका प्रवाशाने भांडी घासणाऱ्या बाईला चुटकी वाजवून बोलावलं आणि घाणेरडी शिवी दिली. मावशीची धार मध्येच थांबली. तिने मला सरळ धरलं. "इथे सूप गरम करून मिळतं, पातळ करून मिळतं. शिव्या खाणारं माणूस मिळत नाही. उठा आता." तो उठला. त्याचा पेला अर्धाच राहिला होता.

माझा हेवा तिथूनच सुरू झाला. चांगल्या माणसांना पाणी कोणीही आणून द्यायचं. वाकड्या माणसाकडे मात्र मावशी स्वतः जायची, त्याच्यापाशी उभी राहायची, त्याच्या तोंडाकडे बघायची. सगळ्यात वाकडा होता डेपोतून गाड्या सोडणारा कंट्रोलर. गळ्यात शिट्टी असायची म्हणून सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणत. रोज त्याची काही ना काही तक्रार असे. कधी पाव शिळा, कधी खुर्ची डुगडुगते. रोज मावशी त्याच्याकडे जायची. मी मनात म्हणायचो, याला काय सोनं लागलंय? काकांनाही तसंच वाटत असावं. "माझ्याशी कधी इतकं नीट बोललीस का?" असं ते खिडकीतून म्हणायचे. "तुम्ही तक्रार तरी नीट कुठे करता?" ती म्हणायची.

एका हिवाळ्यात ती आजारी पडली. खानावळ तीन आठवडे बंद राहिली. उघडली तेव्हा ती नव्हती.

काकांनी मला स्वतः धुतलं, पुसलं आणि चुलीवरच्या फळीवर ठेवलं. "याला कोणी हात लावायचा नाही," म्हणाले. गिऱ्हाइकांना पाणी प्लॅस्टिकच्या जगातून मिळू लागलं. तो ओघळतो, हे मला वरून दिसायचं. माझ्यावर चुलीचा धूर आणि तेलाचा चिकट थर बसत गेला. मान मिळत होता, पण हात मिळत नव्हता.

काका आता आत-बाहेर दोन्हीकडे ओरडायचे. गिऱ्हाईक "मीठ कमी आहे" म्हणालं तर हे खिडकीतून "मग घरी जेवा" म्हणायचे. वाढायला ठेवलेली दोन माणसं दोन महिन्यांत सोडून गेली. मग मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी आली. काका भांडी घासणाऱ्या बाईला म्हणाले, "ही भाची टिकली तर ठीक. नाहीतर कुलूप लावायचं. मला एकट्याला नाही ओढवत."

भाचीच्या एप्रनला सुतळीने एक पिवळी पेन्सिल बांधलेली होती. बोटाएवढी, मागच्या टोकाला चावलेली. टेबलावर आवाज चढला की ही खिशातून कागद काढायची. "थांबा हं, लिहून घेते. काय म्हणालात?"

आणि मित्रांनो, तो माणूस सावकाश बोलायला लागायचा! कोणी लिहून घेतंय म्हटल्यावर शिवी कशी सांगणार? लिहिणाऱ्याच्या हाताच्या वेगानेच बोलावं लागतं. लिहून झालं की ती वाचून दाखवायची. "भात कच्चा, पाणी नाही आणि दोनदा हाक मारली तरी कोणी आलं नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

मी फळीवर जळत होतो. सोळा वर्षांची माझी जागा, आणि ती कोणी घेतली? चावलेल्या पेन्सिलीने! तिला पोट नाही, धार नाही, चार टोकं काढली की संपणार. रोज दुपारी मी वाट बघायचो की तिचं शिसं मोडेल. एकदा मोडलंही. भाचीने सुरीने टोक काढलं आणि पुन्हा कामाला लागली.

काकांनाही ती पेन्सिल सलत होती. "कागदं कसली फडफडवतेस? तुझी मावशी जग घेऊन जायची."

"मग द्या ना जग, काका."

"त्याला हात लावायचा नाही."

एका दुपारी गाड्या उशिरा आल्या आणि खानावळ भरून गेली. शिट्टीसाहेब तीन ड्रायव्हरांना घेऊन बसले होते. पुढ्यात गाड्यांच्या वेळांचा कागद होता. भाचीने भाजीच्या सुपाऐवजी चुकून माशांचं सूप त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एक घोट घेतला आणि चमचा टेबलावर आपटला.

"आंधळं झालंय का सगळं इथे?"

भाचीने पेन्सिल हातात घेतली. तेवढ्यात काका आतून बाहेर आले. "ठेव ती. कसं करतात ते बघ."

आणि त्यांनी मला फळीवरून काढलं.

काय सांगू तुम्हाला! नऊ महिन्यांनी माझ्यात पाणी पडलं. तळाच्या चिकट्याचं भानही राहिलं नाही मला. मी त्या पेन्सिलीच्या नाकासमोरून गेलो.

काका शिट्टीसाहेबांच्या अगदी समोर उभे राहिले आणि पेला भरू लागले.

"पाणी कोणी मागितलं? मी काय म्हणतोय..."

"पाणी घ्या."

"अहो, हे सूप..."

"पाणी घ्या म्हणतो ना!"

पेला भरला. काकांची नजर पेल्यावर नव्हती आणि शिट्टीसाहेबांवरही नव्हती. ते नुसते ओतत राहिले. पाणी काठावरून टेबलावर आलं, टेबलावरून साहेबांच्या मांडीवर, आणि वेळांच्या कागदावर. शाई निळी होऊन पसरली. माझी धार, जी कधी एक थेंब सांडत नव्हती!

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? माणसं आहात की..."

"ती होती म्हणून तुमची जीभ चालली!" काका ओरडले आणि त्यांनी मला डोक्याच्या वर उचललं. खानावळीतला चमच्यांचा आवाज थांबला. मला कळलं की मी आता फेकला जाणार. कोणाच्या कपाळावर, तेही कळलं.

भाचीने खालून माझ्या बुडाला हात लावला आणि माझा भार स्वतःकडे घेतला. "काका, सूप लागतंय खाली. आत जा." तिने मला शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. काका गेले.

ती साहेबांच्या बाजूला उभी राहिली. "सूप चुकलं ते माझं. कागद भिजला ती चूक आमची. तुम्ही वेळा सांगा, मी दुसऱ्या कागदावर उतरवते."

"मी सांगू? सगळ्या?"

"आठवतील तेवढ्या."

साहेब गुरगुरतच सुरू झाले. "एक दहा. एक पंचवीस, ती जलद. एक चाळीस..." दोनच्या गाडीपर्यंत त्यांचा आवाज बराच खाली आला होता. चारच्या गाडीपर्यंत तर ते तिच्या अक्षराकडे वाकून बघत होते. "सातचा आकडा नीट काढ. एक वाटतोय." मग स्वतःच म्हणाले, "मासा मला चालत नाही. अंगावर गांधी उठतात. तुझ्या मावशीला ठाऊक होतं."

"मला नव्हतं. आता लिहून ठेवते. साहेब, माझीही एक गोष्ट लक्षात ठेवा. आंधळं म्हणायचं नाही. हाक मारा, मी येते."

"लिहून ठेवायला माझ्याकडे पेन्सिल कुठेय?" साहेब म्हणाले. तिन्ही ड्रायव्हर हसले. साहेब हसले नाहीत, पण निघताना भाचीला "येतो" म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर भाचीने मला आत आणून ओट्यावर ठेवलं आणि एप्रन सोडला. "काका, मी उद्यापासून येत नाही."

काका पिठाच्या पोत्यावर बसले होते. "त्या शिट्टीमुळे?"

"नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं मला झेपतं. ते जेवून निघून जातं. तुमचं झेपत नाही."

काका हातावरचं पीठ झटकत राहिले.

"मी तिच्यासारखंच तर केलं," काका म्हणाले. "जग नेला. पाणी ओतलं. मग का नाही जमलं?"

"मावशी पाणी द्यायला कुठे जायची, काका? ती ऐकायला जायची. रिकाम्या हातांनी उभं राहून बोलणी खाणं अवघड असतं, म्हणून हातात काहीतरी धरायची. तिने धरला जग. मी धरते पेन्सिल."

मित्रांनो, मला पोचे पुष्कळ पडले आहेत. हा सगळ्यात खोल होता. काहीतरी! सोळा वर्षं मी फक्त काहीतरी होतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मी खिडकीतून बघायचो. इथून तेवढंच दिसायचं. जग आणि धार. ओरडणं कानावर यायचं, पण ती काय ऐकून घ्यायची ते कधी ऐकू आलं नाही. कढईचा आवाज असायचा." मग ते उठले. तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. "सांग."

"लिहून देऊ?"

"नको. बोल तू. मी उभा आहे."

ती बोलू लागली. गिऱ्हाइकांदेखत तिला काय काय म्हणाले होते, ते सगळं. पहिल्याच दिवशी बशी फुटली तेव्हाचं. मावशीची आठवण काढून ती रडली तेव्हा "कामाकडे बघ" म्हणाले होते, तेही. काकांचे हात सारखे काहीतरी शोधत होते. फडकं, झारा, माझा कान. त्यांनी काहीच उचललं नाही. एकदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ती थांबल्यावर ते म्हणाले, "म्हणजे लोकांसमोर तुला बोलायचं नाही. तुझ्या पेन्सिलीच्या वाटेला जायचं नाही. आणि तिचं नाव निघालं तर पळायचं नाही. बरोबर?"

"आणि जग मला वापरू द्यायचा."

काकांनी मान हलवली. "उद्या येशील?"

"आधी याला घासू द्या. तळाला केवढा चिकटा बसलाय!"

तिने आत हात घालून मला घासलं. दोन वेळा पाणी बदललं.

आता मी रोज टेबलांमधून फिरतो. पेन्सिल माझ्या बरोबर असते, सुतळीवर झुलत माझ्या पोटावर टकटक आपटते. ती मला अजून आवडत नाही. साहेबांचा मासा, कोणाला मीठ कमी, कोणाची गाडी कितीची, हे सगळं तिच्याकडून कागदावर जातं आणि माझ्याकडून फक्त पाणी. काकाही हल्ली कधी कधी बाहेर येतात, बाजूला उभे राहतात आणि "सांगा" म्हणतात. हात मागे बांधून. तेव्हा मला पेन्सिलीपेक्षाही त्यांचा हेवा वाटतो.

मित्रांनो, भांडी वापरात ठेवा आणि आतून घासा. फळीवर पूजा करून ठेवलेलं भांडं आतून खराब होत जातं. तुमच्यापुढे कोणी ताट ठेवलं तर हाक नीट मारा, समोर माणूस आहे. आणि मोठेपणी ताट ठेवायचं काम तुमच्याकडे आलं, तर तक्रार शेवटपर्यंत ऐका, चूक आपली असेल तर आपली म्हणा. शिवी ऐकून घेऊ नका. गिऱ्हाइकावरचा राग आत आणून आपल्या माणसावर काढू नका.

मी सोळा वर्षं सगळं ऐकलं, प्रत्येक टेबलावरचं, प्रत्येक शब्द. पण मी ऐकलं हे बोलणाऱ्याला कधी कळलं नाही. तुम्ही ऐकलंत की ते समोरच्याला कळतं. त्याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो.