चहा न पाहिलेली किटली

मी एक जुनी चहाची किटली आहे आणि माझ्यात आजवर चहाचा एक थेंबही पडलेला नाही. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरातल्या व्यायामाच्या सायकलवरही कपडेच वाळत असतील.

जपानमधल्या एका कुंभाराने मला लाल मातीतून घडवलं. चहाचे व्यापारी मोरितासान ('सान' म्हणजे आपलं 'जी') यांनी मला लेकीला, चिएकोला, भेट दिलं. महिन्याभरात चिएकोने लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, या ख्रिस्ती पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्या पंथात चहा वर्ज्य.

"चहावाल्याची मुलगी चहा सोडते," मोरितासान म्हणाले. "उद्या मासा म्हणेल, मला पाणी सोसत नाही."

मग बावीस वर्षं अबोला.

चिएको मला घेऊन न्यूझीलंडला, जॉन्सनव्हिलला आली. ती रोज जव भाजायची आणि गरम पाण्यासोबत माझ्यात मुरवायची. चर्चमधल्या बायका मात्र माझ्याकडे पोलिसांसारख्या बघत. एकीने तर मला ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, देऊन टाकायला सुचवलं.

"बाबांनी दिलीय," चिएको म्हणाली. दोन्हीकडची बोलणी खाऊनही तिने ना पंथ सोडला, ना मला. अशी माणसं मातीपेक्षा चिवट असतात.

गेल्या महिन्यात मोरितासान यांचं पत्र आलं: 'ऐंशीचा झालो. एकदा येऊन त्या किटलीतून पिईन.'

शेजारची नर्स सुलभा म्हणाली, "अगं, एक दिवस कर की चहा. देव काय चष्मा लावून जॉन्सनव्हिलकडेच बघत बसलाय?"

"चहा दुसऱ्या भांड्यात करून देईन, सुलभासान. या किटलीत माझी बावीस वर्षं मुरलीत. त्यात आज चहा ओतला, तर बाबा भेटणार कोणाला?"

मोरितासान आले. चिएकोने जवाचं पाणी भरून मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी झाकण उघडून थेट नाक आत घातलं. झिलई न दिलेली माती वास विसरत नाही, हे चहावाल्याला कोणी सांगायचं? मी श्वास रोखला. वाफ मात्र तोटीतून येतच राहिली.

ते एक घोट प्यायले.

"जव कोण भाजतं?"

"मीच, बाबा."

"कच्चे राहतात. तवा आण."

दोघं शेगडीपाशी उभे राहिले. मोरितासान जपानीत खेकसत होते. दारातून सुलभाने घाबरून विचारलं, "शिव्या देतायत का गं?"

"नाही," चिएको डोळे पुसत म्हणाली. "शिकवतायत."

तर मित्रांनो, कोणाच्या किटलीत तुमचा चहा नसला, तर लगेच झाकण आपटू नका. आधी नीट वास घ्या. आणि हो, मला धुताना साबण लावू नका. हा वास मुरायला बावीस वर्षं लागली आहेत.