पाहुण्यांपुरते हातमोजे

शामलाबाईंचं डोकं पहिल्याच दिवशी फिरलं. बुटीबोरीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याने त्यांना जवळच्या बेसा गावाहून इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची बाई पाहणीला येणार होती, तिच्याशी कामगार बायकांनी चार वाक्यं बोलावीत, एवढंच काम. वाक्यंही मॅनेजर शरच्चंद्र यांनी ठरवून ठेवली होती. ‘आय मस्ट वेअर ग्लव्ज. आय हॅव टू वॉश माय हँड्स.’

“आणि सल्ला कसा द्यायचा ते? ‘यू शुड’ याच धड्यात येतं,” शामलाबाई म्हणाल्या.

“सल्ला कोणाला देणार आहेत त्या, मॅडम? त्यांना त्यांचं कर्तव्य तेवढं शिकवा.” शरच्चंद्र हसले. “हे नीट झालं की वर्षभराचे वर्ग तुमचेच.”

पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा. वीसेक बायका एका सुरात म्हणायच्या, ‘आय मस्ट वेअर ग्लव्ज’, आणि वीसेक बायकांचे हात उघडे. नखं निळी, तळवे भेगाळलेले. पुढच्या बाकावर बसणाऱ्या कुही गावच्या सुमतीची तर बोटांमधली कातडीच सोलून निघाली होती.

“मॅडम, मी जेवतो त चमच्यानं. वरणात बोट बुडवलं का आग होते.”

“हातमोजे देत नाहीत?”

“देतेत ना. पाहुणे आले का देतेत, गेले का काढून घेतेत.”

शामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मोजे द्यायचे नाहीत आणि ‘मला मोजे घातलेच पाहिजेत’ हे बायकांकडून वदवून घ्यायचं! हात भाजले तर चूकही त्यांचीच. नालायक मेले! त्या दिवशी त्यांनी दार लावलं आणि सल्ला द्यायला शिकवलाच. ‘यू शुड कम टुमॉरो. यू शुड नॉट कॉल फर्स्ट.’ उद्या या, आधी फोन करू नका. सुमतीने वाक्यं चटकन उचलली. शामलाबाईंनी तिला बजावलं, “बाई तुझ्यापाशी थांबली की हेच बोलायचं. घाबरायचं नाही.”

पाहणीच्या दिवशी सगळ्यांच्या हातांत कोरे करकरीत मोजे आले. परदेशी बाई नेमकी सुमतीपाशी थांबली. सुमतीने शामलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, “आय मस्ट वेअर ग्लव्ज.” बाई खूश होऊन पुढे गेली.

शामलाबाई सुमतीच्या कानाशी लागून फिस्कारल्या, “काहून नाही बोलली वं? एवढं शिकवलं ना तुले!”

“मी बोलली त उद्या मले गेटवरूनच वापस पाठवतीन,” सुमतीही तडकली. “माह्या घरी खाणारी तोंडं हायेत. तुमचं इंग्रजी त माह्याहून बेस हाये. तुमी काहून नाही सांगत?”

चपराक बसावी तसं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वर्षभराचे वर्ग हातचे जाऊ नयेत म्हणून आपणच तोंड शिवून बसलो आणि या पोरीला पुढे ढकललं. आता शामलाबाईंना सगळ्यांत जास्त राग स्वतःचा आला, आणि त्या रागातच त्या तरातरा चालत परदेशी बाईपाशी गेल्या.

“मॅडम, यू शुड कम टुमॉरो,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “हे हातमोजे फक्त तुमच्यासाठी आहेत. उद्या न सांगता या.” हे सगळं त्यांनी इंग्रजीतच खणखणीत ऐकवलं.

शरच्चंद्रांचं हसू विरलं. बाईने घड्याळ पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली की उद्या शक्य नाही, तिला रात्रीचं विमान गाठायलाच हवं.

“मग आजच बघा!” शामलाबाई कडाडल्या.

पण कोणाचे हात दाखवायचे? सुमतीचा हात ओढून पुढे करायचा त्यांना आता काय अधिकार होता? तेवढ्यात मागून सुमती आली. मोजा ओल्या कातडीला चिकटला होता. तिने तो दातओठ खात ओढून काढला आणि आपला हात त्या बाईच्या पुढे धरला.