वीस तासांचा तक्ता

चिऊच्या पाठीच्या कण्याला बाक आहे हे कळलं त्या दिवशी आई रडली, आत्यानं "सरळ बसत नाही ना, म्हणून!" असा निकाल देऊन टाकला आणि बाबांनी पट्टीनं रेघा मारून तक्ता तयार केला. बाबा नोंदणी विभागात मुख्य कारकून होते. नोंद झाली म्हणजे गोष्ट घडली, या एका श्रद्धेवर त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी काढली होती.

काखेपासून कमरेच्या खालपर्यंत कडक प्लास्टिकचा ब्रेस, मागे तीन पट्टे आणि डॉक्टरीणबाईंचं फर्मान: रोज वीस तास. चिऊचं वय चौदा. खाली पडलेलं पेन उचलायचं तर तिला गुडघे टेकावे लागत आणि पोटभर जेवलं की श्वास अडके. पण खरा जाच शाळेत होता. मुलं येताजाता तिच्या पाठीवर टकटक करत आणि "कोणी आहे का घरात?" असं विचारून खिदळत. चौथ्या दिवसापासून ती शाळेत पोचली की स्वच्छतागृहात ब्रेस काढून खेळाच्या मोठ्या पिशवीत कोंबू लागली. पुढे घरीही ब्रेस न घालण्याची निमित्तं सापडत गेली.

तक्ता मात्र कसा लख्ख! कचेरीतले रकाने जसे महिना उजाडताच भरून मोकळे होत, तसाच बाबांनी हाही उरकायला घेतला. एक तारखेला सकाळी चहा पिता पिता ते महिनाभराचे वीस-वीस तास लिहून टाकत आणि खाली झोकदार सही ठोकत. चिऊला सुरुवातीला हायसंच वाटलं. खोटं बोलायचे कष्टसुद्धा कोणी परस्पर वाचवले होते.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बत्तीसचा बाक एक्केचाळीस अंशांवर गेलाय. ब्रेस घालते ना ही?"

बाबांनी सहा तक्ते टेबलावर मांडले. "रोज वीस तास, डॉक्टर. एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळे तक्ते चाळले. "एवढं घालूनही वाढतोय म्हणजे हिला ब्रेस लागू पडत नाही. मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल. कण्याला सळ्या आणि स्क्रू बसवावे लागतील."

आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. बाबांचाही रंग उडाला होता, पण त्यांनी घसा खाकरला. "आता नोंदीच तसं सांगतायत म्हटल्यावर..."

बोलावं तर परक्या माणसासमोर बाबांची अब्रू जाणार आणि गप्प बसावं तर पाठीत स्क्रू. चिऊला बाबांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"मी वीस तास नाही घालत," ती म्हणाली. "नऊ-दहा तास. शाळेत तर कधीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तक्ते बाजूला सरकवले. "म्हणजे ब्रेस आपण नीट वापरून पाहिलाच नाही अजून. ऑपरेशन लगेच नको. चार महिने खरोखर घाल, मग ठरवू."

बाबा लालबुंद झाले. "अगं, मग मला सांगायचं होतंस! मी काय परका होतो?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा? तुम्ही तर एक तारखेलाच लिहून टाकत होतात."

आई खिडकीबाहेर बघू लागली. बाबांनी एक्स-रेसाठी काढून ठेवलेला ब्रेस कोपऱ्यातल्या पिशवीतून बाहेर काढला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो त्यांच्या हातात आला होता. उलटा की सुलटा हेही त्यांना कळेना, तेव्हा चिऊनंच तो फिरवून अंगावर चढवला आणि पाठ करून उभी राहिली. ते एकेक पट्टा चाचपडत ओढू लागले.

"फार घट्ट होतंय का गं?" त्यांनी विचारलं, आणि ती बोलेपर्यंत हात थांबवून उभे राहिले.